एक्केचाळीस नंबरचा पत्ता

त्या घरातलं शिवणाचं मशीन थांबलं की समजावं, दारात कुणीतरी आलं आहे. एरवी सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत ते मागच्या खोलीत चालू असायचं. शाळेचे गणवेश, शेजारणींचे झगे, तान्ह्या बाळांची दुपटी, अर्ध्या गल्लीचे कपडे त्या मशीनवर शिवून निघायचे. ते न्यायला आलेल्या बायका घरच्या सासूबाईंच्या हाताची तारीफ करायच्या. या वयात इतकी बारीक टीप कशी घालता हो, म्हणून विचारायच्या. सासूबाई हसून सांगायच्या की सवय झाली. खरं तर त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

शिवायची ती त्यांची थोरली लेक. वय एकतीस. चार वर्षं ती त्या खोलीत होती आणि खोलीला कडी बाहेरून होती. गल्लीच्या लेखी ती दूरच्या गावी मावशीकडे राहत होती, तिथं कसलीशी चांगली नोकरी करत होती आणि बिचारीला सुट्टी म्हणून मिळत नव्हती. घरात उरलेली माणसं पाच. सासूबाई, सासरे, मुलगा, सून आणि लग्नाची धाकटी. कुणी विचारलं तर पाच सांगायचं, हा घरचा नियम होता. चार वर्षांत तो इतका अंगवळणी पडला होता की सासरे कधीकधी खरंच पाचच मोजायचे.

आता या घरच्या सुनेविषयी. शेजारच्या मोठ्या इस्पितळाला लागून एक प्रयोगशाळा होती, तिथं ती कामाला होती. हातात कायम परीक्षानळी असायची म्हणून तिथं तिला नळीताई म्हणत. घरात ती वहिनी. आपणही तिला वहिनीच म्हणू, कारण ही गोष्ट घरातली आहे.

प्रयोगशाळेत काळ्या आजाराच्या जंतूंवर संशोधन चालायचं. वाळूमाशी म्हणून चिलटासारखी एक माशी असते. ती भिंतीच्या भेगांत आणि ओलीत राहते. ती चावली की जंतू अंगात शिरतो, ताप हटत नाही, प्लीहा वाढून पोट फुगतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतं. हा आजार बहुतेक ओल्या भिंतींच्या घरांत जातो, बंगल्यांत फारसा फिरकत नाही. म्हणून त्याचा गवगवा नाही, त्याच्या औषधांच्या जाहिराती नाहीत आणि त्यावर काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वहिनी त्यांतली एक होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

तिचं काम म्हणजे जंतू जगवायचे. रक्त घातलेलं पोषणद्रव्य, पंचवीस अंश तापमान आणि दर चौथ्या दिवशी नवी नळी. एक खेप चुकली तर नळीतले जंतू मरू लागतात आणि महिन्यांचं काम पाण्यात जातं. म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही जायची, तापातही जायची. नवरा थट्टेनं म्हणायचा, आम्हाला मूल नाही असं कोण म्हणतं, हिची लाखो लेकरं नळीत वाढताहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते शेपटीचे जंतू वळवळताना दिसले की तिला हायसं वाटायचं.

सगळ्या नळ्यांत एक्केचाळीस नंबरची नळी लाडकी होती. तो जंतू कसाही वाढवा, वाढायचा. त्याच्या नळ्या दुसऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांनीही मागून नेल्या होत्या. नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं: शिबिरातील रुग्ण, स्त्री, पत्ता बसथांब्याजवळील वस्ती. ती वस्ती दोन वर्षांपूर्वीच उठली होती. आणि तो पत्ता पहिल्यापासून खोटा होता. एक्केचाळीस नंबर मागच्या खोलीत बसून गणवेश शिवत होता.

झालं होतं असं. थोरलीला सहा वर्षांपूर्वी काळा आजार झाला, औषधानं ताप गेला, सगळे विसरले. दोन वर्षांनी तिच्या तोंडाभोवती फिके चट्टे उठले, हनुवटीवर गाठी आल्या. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांच्या लहानपणी त्यांच्या सख्ख्या आत्याला असेच चट्टे आले होते. लोकांनी महारोग म्हणून तिला वस्तीबाहेर काढलं, आणि ती तिथंच एकटी मेली. त्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या, आत्याला भाकर नेऊन द्यायच्या आणि दगडावर ठेवून पळून यायच्या. आपल्या लेकीला कुणी बाहेर काढायच्या आत आपणच तिला आत ठेवावं, हा त्यांचा हिशेब. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

वहिनीला मात्र लगेच संशय आला. काळा आजार बरा झाल्यावर काहींच्या कातडीत जंतू दडून राहतात आणि असे चट्टे येतात, हे तिला ठाऊक होतं. महारोग असता तरी काय बिघडलं असतं म्हणा, त्यालाही औषध आहे, माणूस ठणठणीत बरं होतं. पण दवाखान्यात नेलं की नाव लागणार आणि नाव लागलं की गल्लीला कळणार. सासूबाईंनी पाय धरले. मग एका दुपारी वहिनीनं पर्समधून पातं आणलं, थोरलीच्या हनुवटीवरची कातडी जराशी खरवडली आणि तो नमुना खोट्या पत्त्यानं नळीत घातला. चौथ्या दिवशी नळीत वळवळ दिसली. निदान पक्कं झालं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं मात्र पाप होतं, आणि ते कुणा अडाण्याच्या हातून घडणारं नव्हतं. चट्ट्यांसाठी गोळ्या बारा आठवडे घ्यायच्या असतात. वहिनीला इस्पितळात एका रुग्णाकडून परत आलेली पाकिटं मिळाली, ती तीन आठवडे पुरली. थोरलीला उलट्या व्हायच्या, पण डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती. तीन आठवड्यांनी गोळ्या संपल्या आणि विषयही संपला. चट्टे थोडे फिके झाले, मग पुन्हा उठले. अर्धवट औषध दिलं की जे जंतू वाचतात ते तेच औषध पचवून वाचतात, हे वहिनी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची.

पुढं गाडं रुळलं. माणूस कशालाही सरावतं. नळीतल्या जंतूला चौथ्या दिवशी अन्न मिळायचं आणि खोलीतल्या माणसाला खिडकीतून ताट. दोन्हीकडे सगळं सुरळीत चाललं आहे असं वहिनीला वाटू लागलं होतं.

त्या शनिवारी घरात सकाळपासून धांदल होती. धाकटीचं लग्न जुळत आलं होतं आणि मुलाकडची माणसं दुसऱ्या दिवशी अकराला घर बघायला, बोलणी पक्की करायला येणार होती. सासूबाई खिडकीशी जाऊन थोरलीला बजावत होत्या की उद्या मशीन बंद, खोकला आला तर तोंडात बोळा धर, पाहुणे जाईपर्यंत हूं का चूं करायचं नाही.  वहिनी डबा घेऊन कामावर निघाली.

दुपारी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलायला तुटक, पण मनानं सरळ. त्यांच्यासमोर जंतूंच्या जनुकीय तपासणीचे दोन कागद होते आणि दोन्हींवर सारख्याच पट्ट्या उमटल्या होत्या. एक कागद एक्केचाळीस नंबरचा. दुसरा वॉर्डात असलेल्या चार वर्षांच्या मुलीचा. ही मुलगी वहिनीच्या शेजारची, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली नात. महिन्याभरापूर्वी तिला तापानं इस्पितळात आणलं तेव्हा वहिनीच ओळखीनं धावली होती.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. दोघांच्या अंगातला जंतू एकच आहे. मुलीला अठरा दिवस गोळ्या चालू आहेत आणि ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, हे औषध बहुतेकांना लागू पडतं, अजून दहा दिवस पाहू. शिरेतून द्यायचं दुसरं औषध आहे, पण पोर अशक्त आहे, मूत्रपिंडावर ताण येतो, उगाच कशाला द्यायचं? "एक्केचाळीसचा रुग्ण सापडला पाहिजे," बाई म्हणाल्या. "त्या बाईनं ह्या गोळ्या अर्धवट घेतल्या होत्या, एवढं एकच वाक्य मला हवंय. मग या जंतूनं हे औषध पचवलंय हे पक्कं होईल आणि डॉक्टर उद्याच्या उद्या औषध बदलतील. दहा दिवस ती पोर काढेल असं मला वाटत नाही."

 बाई पुढं बोलतच होत्या. रुग्ण त्याच गल्लीत असणार, उद्या रविवार, माणसं घरी असतात, तेव्हा घरोघर तपासणी करायची. गल्ली वहिनीची, लोक ओळखतात, दारं उघडतील, म्हणून नोंदवही तिनं धरायची. वहिनीनं मान डोलावली. सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा तिनं ते गिळलं. सांगितलं तर नोकरी जाणार होती, धाकटीचं मोडणार होतं, सासूबाई जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेतील अशी भीती होती. इकडे आड आणि तिकडे विहीर.

संध्याकाळी घरची माणसं बाजारात गेली तेव्हा तिनं मागच्या खोलीची कडी काढली. थोरली खुर्चीवर बसून कापडाच्या घड्या घालत होती. तिनं वर पाहिलं आणि आश्चर्यानं हात थांबवले. वहिनी खाली बसली आणि तिला एक्केचाळीस नंबरबद्दल सगळं सांगून मोकळी झाली. नमुन्याचं पुढं काय झालं हे थोरलीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे तो अजून जिवंत आहे?" थोरलीनं विचारलं.

"आहे."

"त्याला बघायला किती दिवसांनी जातेस?"

"दर चौथ्या दिवशी."

"सुट्टी असली तरी?"

"सुट्टी असली तरी."

थोरली थोडा वेळ घडी नीट करत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे तू पाच आठवड्यांनी आलीस, वहिनी. मी मोजलेत."

 लाजेनं वहिनीची मान वर होईना. शेवटी तिनं शेजारच्या मुलीचं सांगितलं. त्या पोरीला तोच आजार झाला आहे, माशी भिंतीच्या भेगांतून दोन्हीकडे जाते. हे ऐकून थोरलीचा चेहरा उतरला. त्या पोरीला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण भिंतीपलीकडून तिची बडबड रोज ऐकायची. तिचा एक फ्रॉक तिनंच शिवला होता. दोन महिन्यांत तिची आजी तो तीनदा घेऊन आली होती, कंबर सैल करून द्या म्हणून.

"मला वाटलं, पोर बाळसं धरतेय," थोरली म्हणाली. "मी खूश होऊन सैल करत होते गं." आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. वहिनीनं तिला जवळ घेतलं. हनुवटी खरवडली त्या दुपारनंतर तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

थोडी सावरल्यावर थोरली म्हणाली की उद्याचा दिवस जाऊ दे, धाकटीचं ठरू दे, तिच्या पायात माझा धोंडा नको. सोमवारी मला कुठं न्यायचं तिथं ने. औषध आजच बदलायला हवं आहे, हे वहिनीनं तिला सांगितलंच नव्हतं. तिला ते आता सांगायचं होतं, पण एका दिवसानं काय होणार आहे, असं तिनं मनाला समजावलं आणि होकार देऊन टाकला. अशा वेळी मनाला समजावणं फार सोपं असतं. बाहेर पडताना तिनं कडी पुन्हा लावली.

रविवारी नऊ वाजता ती पांढरा कोट घालून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्याबरोबर होता पोस्टमन. तो टपाल खात्याचा नव्हता, प्रयोगशाळेचा सर्वेक्षण करणारा माणूस, पण वीस वर्षं दारोदार हिंडल्यानं त्याला तेच नाव पडलं होतं. तो पोट तपासायचा, कातडी पाहायचा, आणि वहिनी वहीत लिहायची. प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच: घरात किती माणसं? लोक सांगत होते, ती लिहीत होती. चार. सात. तीन. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हे तरी खरं सांगत असतील का?

साडेअकराला ते शेजारच्या घरी पोचले. दार आजीनं उघडलं. मुलीजवळ तिची आई होती, आजी कपडे न्यायला घरी आली होती. तिनं सांगितलं की पहाटेपासून पोरीच्या नाकातून रक्त येतंय, थांबत नाही, डॉक्टरांनी तिला दाराजवळच्या खाटेवर हलवलंय. दाराजवळची खाट म्हणजे आशा सोडलेल्यांची, हे वहिनीला ठाऊक होतं. आजीला ठाऊक नव्हतं. ती म्हणत होती, बरं झालं, तिथं वारा येतो. वहिनीला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

मग पुढचं घर. तिचं स्वतःचं. दार उघडं होतं, आत पाहुणे दिसत होते, कपबश्यांचा आवाज येत होता. पोस्टमन भला माणूस. त्यानं वही मागितली आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे पाहुणे आलेत, आता कशाला त्रास? पाचच माणसं ना? मला माहीत आहे. मी लिहितो, चला पुढं."

किती सोपं होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं, की नुसतं गप्प राहायचं होतं. खोटं बोलायचं पातकसुद्धा तिच्या माथी आलं नसतं, ते पोस्टमननं भोळेपणानं आपल्यावर घेतलं असतं. पेन त्याच्या हाती गेलंही होतं. वहिनीनं ते परत घेतलं.

"नियम सगळ्यांना सारखा," ती म्हणाली आणि तिनं आपल्याच घराची कडी वाजवली.

सासूबाई लगबगीनं बाहेर आल्या. सुनेला कोटात पाहून त्या आधी चिडल्या, मग पोस्टमनला पाहून हसल्या. पाहुण्यांतली मुलाची आई कुतूहलानं दाराकडे बघत होती. शेजारची आजीही मागोमाग आली होती.

"घरात किती माणसं?" वहिनीनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? तुला माहीत नाही?"

"लिहायचं आहे, आई. तुम्ही सांगायचं."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत धाक होता आणि धाकाखाली विनवणी होती. वहिनीला त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली की तिला वाटलं, वही फेकून द्यावी आणि या बाईला मिठी मारावी.

"पाच," सासूबाई म्हणाल्या.

गल्लीत कुठंतरी रेडिओ वाजत होता. पोस्टमन पुढच्या घराकडे वळूही लागला होता. वहिनीनं वही छातीशी धरली. 

"सहा," ती म्हणाली. "सहा माणसं आहेत या घरात. सहावी माझी थोरली नणंद, मागच्या खोलीत आहे. तिला काळ्या आजारानंतरचे चट्टे आहेत. एक्केचाळीस नंबर तीच. गोळ्या तिनं तीनच आठवडे घेतल्या, आणि त्या मी दिल्या होत्या. पोस्टमन, आधी इस्पितळात फोन करा. शेजारच्या पोरीचं औषध आत्ता बदलायला सांगा. बाकीचं नंतर लिहू."

पोस्टमन आ वासून पाहत राहिला, पण वीस वर्षांचा मुरलेला माणूस होता, त्यानं खिशातून फोन काढला आणि बाजूला गेला. सासूबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. आत पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात धाकटी उठली. नवे कपडे, केस विंचरलेले, हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे खुर्चीवर ठेवला, सगळ्यांच्या देखत मागच्या खोलीकडे गेली आणि कडी काढली.

थोरली बाहेर आली तेव्हा उजेडानं तिचे डोळे मिटत होते. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती कुणाकडे न बघता दारापर्यंत आली आणि शेजारच्या आजीपुढं उभी राहिली. आजीच्या अंगात तिनंच शिवलेला झगा होता. आजीनं तिच्या तोंडावरचे चट्टे पाहिले, मागं सरकली, आणि मग तिचा बांध फुटला.

"तू होतीस होय भिंतीआड? तुझ्यामुळं माझी नात मरायला टेकलीय."

थोरलीनं मान खाली घातली. ती काही बोलणार तोच वहिनी दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तिच्यामुळं नाही, आजी. तिला औषध मागायला दार उघडं नव्हतं. दार आम्ही लावलं. औषध मी अर्धवट दिलं, खोटा पत्ता मी लिहिला. काल दुपारी मला कळलं होतं की औषध बदलायला हवंय, तरी मी आत्तापर्यंत गप्प बसले. काय बोलायचं ते मला बोला. मारायचं तर मला मारा."

आजीनं हात उगारला होता. तो तसाच खाली आला. ती दाराच्या चौकटीला धरून रडत राहिली. धाकटीनं तिला पाणी आणून दिलं. पाहुणे मात्र उठले. मुलाची आई जाताना इतकंच म्हणाली की आम्ही कळवू, आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. चहा कुणी प्यायला नाही.

दुपारी दोन वाजता मुलीच्या शिरेतून नवं औषध सुरू झालं. पहिले तीन दिवस काही सांगता येत नव्हतं. वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायची, आजी तिच्याशी बोलत नसे, आणि तरी दोघी एकाच बाकावर बसत. चौथ्या दिवशी रक्त थांबलं. आठव्या दिवशी ताप उतरला. थोरलीवरही त्याच इस्पितळात रीतसर उपचार सुरू झाले, यावेळी खऱ्या नावानं आणि खऱ्या पत्त्यानं. गल्लीतल्या भिंतींच्या भेगा बुजवल्या, फवारणी झाली. आणखी दोन आजारी मुलं सापडली, ती लवकर सापडली म्हणून बरी झाली.

मोठ्या बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं तेव्हा त्यांच्यासमोर जुनी नोंदवही उघडी होती. त्या ओरडल्या नाहीत. "ती वस्ती उठेपर्यंत मी त्या खोट्या पत्त्यावर माणसं पाठवत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बिचारी बाई मेली असेल." मग त्यांनी वही तिच्यापुढं सरकवली. वहिनीनं चुकीचा पत्ता खोडला आणि त्यावर आपल्या घराचा पत्ता लिहिला. चौकशी बसली. नळ्यांचं काम तिच्याकडून काढून घेतलं, आणि ते योग्यच होतं. तिला पोस्टमनच्या हाताखाली दारोदार हिंडायला घातलं. ही शिक्षा आहे असं सगळ्यांनी मानलं. तिनंही सुरुवातीला तसंच मानलं.

घरी सासूबाई दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. गल्लीनं कपडे शिवायला देणं बंद केलं. ज्यांच्या अंगावर थोरलीनं शिवलेले कपडे होते ते मात्र ते कपडे घालून बिनदिक्कत फिरत होते. ते टाकून द्यावेत असं कुणालाही वाटलं नाही, याचं काय करायचं ते वाचणाऱ्यानंच ठरवावं. पहिलं काम परत आलं ते शेजारच्या आजीकडून. तोच फ्रॉक होता. आता कंबर आवळून हवी होती. आजीनं तो सासूबाईंच्या हातात दिला नाही. ती आत गेली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवून आली. त्या संध्याकाळी सासूबाई वहिनीला म्हणाल्या, जेवून घे. त्यांच्या अबोल्याचा शेवट तेवढाच झाला.

वहिनी अजून दारोदार हिंडते. आपल्या वहीत तिनं एक प्रश्न स्वतःच्या हातानं वाढवला आहे. बाईंनी तो पाहिला आणि छापील फॉर्मात घालायला लावला. घरात किती माणसं, हे विचारून झालं की ती तो विचारते.

परवा ती एका भल्या मोठ्या घरी गेली होती. मालक शिकलेले, सभांमधून भाषणं करणारे, दारावर नावाची पितळी पाटी. त्यांनी हसतमुखानं सांगितलं, चार माणसं. तिनं चार लिहिलं.

"आणि मोजायची राहून गेली असतील अशी?" तिनं विचारलं.

मालकांचं हसू ओसरलं. हा काय प्रश्न झाला, ते म्हणाले, एकदा सांगितलं ना, चार. आमच्यासारख्यांच्या घरी असलं काही नसतं. पुढं जा. पण बोलता बोलता त्यांची नजर एकदा वरच्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे गेली आणि झटकन परत आली.

वहिनीनं ती नजर ओळखली. चार वर्षं ती स्वतः त्याच नजरेनं आपल्या घरातली एक कडी पाहत आली होती. तिनं वही मिटली नाही. पोस्टमनला पुढच्या घरी जायला सांगितलं आणि ती त्यांच्या पायरीवर बसली.

"सावकाश आठवा," ती म्हणाली. "मी थांबते."